नक्कल करून बुद्धिबळ: सममितीचा युक्तिवाद कुठे टिकतो आणि कुठे कोसळतो

या टिपणातून काय शिकाल

• ‘सममितीने सिद्ध होते’ असे लिहिण्याआधी कोणत्या गोष्टी तपासायच्या
• बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणारा का हरतो
• तीच नक्कल इतर काही खेळांत हमखास का जिंकते
• या सगळ्याचा गाडीच्या बिनतारी चावीशी काय संबंध आहे

पूर्वतयारी: बुद्धिबळातल्या मोहऱ्यांच्या चाली माहीत असाव्यात. बाकी काही लागणार नाही.

१. एक चुकीची सिद्धता

हे टिपण म्हणजे एका चुकीची दुरुस्ती आहे, आणि ती चूक माझी आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात सममितीचा युक्तिवाद शिकवताना मी फळ्यावर पुढील विधान आणि सिद्धता लिहिली.

विधान: बुद्धिबळात काळ्याने प्रत्येक वेळी पांढऱ्याच्या खेळीची हुबेहूब नक्कल केली, तर काळा हरणार नाही.

सिद्धता: सुरुवातीला पट सममित असतो. पांढऱ्याच्या प्रत्येक खेळीनंतर काळा तीच खेळी आपल्या बाजूने करतो, म्हणून काळ्याच्या प्रत्येक खेळीनंतर पट पुन्हा सममित होतो. सममित पटावर दोघांची स्थिती सारखी असते. म्हणून काळा कधीच मागे पडत नाही.

साठ जणांच्या वर्गाने हे वहीत उतरवून घेतले. कोणी हात वर केला नाही. मीही समाधानाने पुढच्या विषयाकडे वळलो.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी करोल बागेत खरेदीला गेलो होतो. वर्गातला परभणीचा एक मुलगा तिथेच, अजमल खान रोडच्या मागच्या एका गल्लीत, बरसातीत राहत असे. (गच्चीवरच्या खोलीला दिल्लीत बरसाती म्हणतात.) तो रस्त्यात भेटला आणि आग्रहाने चहाला वर घेऊन गेला. खोलीत घडीचा बुद्धिबळाचा पट मांडलेलाच होता. तो म्हणाला, “सर, तुम्ही काळी मोहरी घ्या. डोकं चालवायचं नाही, फक्त माझी नक्कल करायची.” मी बसलो. चौथ्या खेळीला मला मात बसली.

मग त्याने वही पुढे केली आणि विचारले, “सर, मग आता इथे काय लिहू?”

या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी नीट देऊ शकलो नाही. विधान चुकीचे आहे हे तर पटावरच दिसत होते. पण सिद्धतेची नेमकी कोणती ओळ चुकली, आणि दुसऱ्या खेळांत हाच युक्तिवाद बरोबर का ठरतो, हे सांगायला मला घरी जाऊन विचार करावा लागला. तो विचार आता तुमच्यासमोर मांडतो.

२. चार खेळ्यांची मात

आधी खुणा ठरवू. पटावरच्या उभ्या ओळींना डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच म्हणू. आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ आकडे देऊ. पांढऱ्याचा राजा ई१ वर आणि काळ्याचा राजा ई८ वर असतो. वजीर डी१ आणि डी८ वर असतात. मोहऱ्यांची नावे नेहमीचीच: राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादे.

आता पट मांडा आणि पुढचा डाव हाताने खेळून पाहा. नुसता वाचू नका.

१. पांढरा: प्यादे सी४. काळा: प्यादे सी५.
२. पांढरा: वजीर ए४. काळा: वजीर ए५.
३. पांढरा: वजीर सी६. काळा: वजीर सी३.
४. पांढरा: वजीर सी८ वरचा उंट मारतो. शह आणि मात.

मात खरोखर झाली आहे का, ते तपासू. पांढरा वजीर सी८ वर आहे आणि ई८ वरच्या राजाला डी८ मधून शह देतो आहे. डी८ रिकामे आहे, कारण काळा वजीर नक्कल करत सी३ पर्यंत निघून गेला आहे. डी८ मध्ये आडवे यायला काळ्याकडे एकही मोहरा नाही. ए८ वरचा हत्ती सी८ वरच्या वजिराला मारू शकत नाही, कारण मध्ये बी८ वर स्वतःचाच घोडा बसला आहे. सी३ वरचा काळा वजीर परत सी८ पर्यंत येऊ शकत नाही, कारण वाटेत सी४ वर पांढरे प्यादे आहे. राजाला सरकायला डी८ हे एकच घर मोकळे आहे आणि त्यावर वजिराचा मारा आहे. मात पक्की.

नक्कल करणाऱ्या खेळाडूला कमीत कमी किती खेळ्यांत मात देता येईल, हा जुना कोड्याचा प्रश्न आहे. अमेरिकेचा प्रसिद्ध कोडेकार सॅम लॉइड (१८४१–१९११) याने एकोणिसाव्या शतकात असे डाव रचले होते. माझ्या विद्यार्थ्याने मात्र वर्गातून परतल्यावर खोलीतल्या मित्राबरोबर पटावर धडपड करून तो स्वतः शोधला होता. त्याने सिद्धता वहीत उतरवली आणि मग ती चालवून पाहिली. उरलेल्या सर्वांनी, माझ्यासकट, फक्त उतरवली होती.

लक्षात घ्या, तिसऱ्या खेळीला पांढरा वजीर सी६ वर आला तेव्हा काळा त्याला घोड्याने किंवा प्याद्याने फुकटात मारू शकत होता. नक्कल करण्याचा नियम स्वतःवर लादून घेतल्यामुळे त्याने ती संधी सोडली.

३. कोणती ओळ चुकली?

सिद्धतेत दोन चुका आहेत. दोन्ही वेगळ्या प्रकारच्या आहेत, म्हणून वेगवेगळ्या समजून घ्या.

पहिली चूक: ‘सममित पटावर दोघांची स्थिती सारखी असते.’ पटावरच्या मोहऱ्यांची मांडणी सारखी असते, हे खरे. पण खेळाची स्थिती म्हणजे केवळ मांडणी नव्हे. स्थिती म्हणजे मांडणी आणि पाळी. बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहायला बसलात तर पटाच्या चौसष्ट घरांबरोबर ‘पाळी कोणाची’ हे सांगणारा एक बिट ठेवावाच लागतो. त्या बिटमुळे स्थिती सममित राहत नाही. मी सिद्धता लिहिताना तो बिट विसरलो होतो.

पाळीचा फायदा किती? मोठ्या प्रमाणावर खेळल्या गेलेल्या स्पर्धात्मक डावांच्या नोंदी पाहिल्या तर पांढऱ्याला साधारण ५४ ते ५५ टक्के गुण मिळतात. फरक थोडा आहे, पण तो टिकून राहतो. दोन्ही बाजू निर्दोष खेळल्या तर डावाचा निकाल काय लागेल, हे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही. माझ्या फळ्यावरच्या चार ओळी बरोबर असत्या, तर काळा कधीच हरत नाही हा मोठा सिद्धांत तिथेच हाती आला असता. एवढे मोठे फळ इतक्या सहज मिळते आहे असे दिसले की थांबून शंका घ्यायची, हाही एक धडा.

पाळी नेहमी फायद्याचीच असते असेही नाही. एफ५ वर पांढरा राजा, ई४ वर पांढरे प्यादे, डी४ वर काळा राजा, ई५ वर काळे प्यादे, आणि पटावर बाकी काही नाही, अशी स्थिती मांडा. दोन्ही राजे आपापल्या प्याद्याला राखून उभे आहेत. ज्याची पाळी त्याला राजा हलवावाच लागतो, प्यादे उघडे पडते आणि तो हरतो. मांडणी एकच, पण पाळी बदलली की निकाल उलटतो.

दुसरी चूक: ‘काळा तीच खेळी आपल्या बाजूने करतो.’ ती खेळी करता येईलच, हे मी गृहीत धरले होते. चार खेळ्यांच्या डावात चौथ्या खेळीला नक्कल करायची तर काळ्या वजिराने सी१ वरचा उंट मारायला हवा. पण काळा राजा शहात आहे. शह सोडवल्याशिवाय दुसरी कोणतीही खेळी नियमात बसत नाही. नक्कल तिथेच खुंटली.

४. नक्कल नेमकी केव्हा अडते?

शहामुळे अडते हे पाहिले. आणखी कशामुळे? हा प्रश्न पूर्णपणे सोडवता येतो, आणि उत्तर आकर्षक आहे.

चौथ्या आणि पाचव्या आडव्या ओळींच्या मध्ये एक आरसा उभा आहे अशी कल्पना करा. ई२ ची प्रतिमा ई७, सी४ ची सी५, ए१ ची ए८. म्हणजे कोणत्याही घराची प्रतिमा त्याच उभ्या ओळीत असते, आणि दोन्ही आडव्या आकड्यांची बेरीज ९ होते. आकडे ८ म्हणजे सम आहेत, म्हणून कोणतेही घर स्वतःची प्रतिमा नसते.

समजा पट सममित आहे. पांढऱ्याने एक मोहरा ‘क’ घरातून ‘ख’ घरात नेला. या घरांच्या प्रतिमांना क′ आणि ख′ म्हणू. काळ्याला क′ वरचा मोहरा ख′ वर न्यायचा आहे. (प्याद्याने वाटेत मारण्याचा, म्हणजे ‘एन पासां’चा नियम बाजूला ठेवू. किल्लेकोटात मोहरे पहिल्याच आडव्या ओळीत हलतात, त्यामुळे खालच्या युक्तिवादाला धक्का लागत नाही.)

पांढऱ्याने खेळण्याआधी पट सममित होता. म्हणजे पाळी काळ्याची असती तर ही प्रतिमेची खेळी त्याला नक्की करता आली असती. आता पांढऱ्याच्या खेळीने पटावर फक्त दोन घरे बदलली: क रिकामे झाले आणि ख भरले. काळ्याची अडचण या दोन घरांमुळेच येऊ शकते.

(अ) क रिकामे झाल्याने अडचण केव्हा? काळ्याला नेमके तिथलेच मोहरे मारायचे असेल तेव्हा. म्हणजे ख′ आणि क एकच असतील, अर्थात पांढऱ्याने आपल्याच प्रतिमेला मारले असेल तेव्हा. अशा वेळी नक्कल करणारा मोहराच पटावर उरत नाही.

(आ) ख भरल्याने अडचण केव्हा? क′ पासून ख′ पर्यंतच्या वाटेत ख लागत असेल तेव्हा. पण ख आणि ख′ एकाच उभ्या ओळीत असतात, म्हणून ती वाट सरळ उभीच असायला हवी.

(इ) राजाच्या सुरक्षिततेमुळे. पांढऱ्याच्या खेळीने शह बसला असेल आणि नक्कल केल्याने तो सुटत नसेल. किंवा नक्कल करायचा मोहरा राजासमोरून हलवता येत नसेल. किंवा राजाने राजाची नक्कल केली तर दोन राजे शेजारी येत असतील.

चौथे कारण नाही. आता (अ) आणि (आ) कोणत्या मोहऱ्यांना लागू होतात ते पाहा. दोन्हींत उभ्या ओळीतूनच मारावे किंवा आरसा ओलांडून जावे लागते. उंट तिरका जातो. घोडा अडीच घरे जातो. प्यादे सरळ जाते, पण सरळ मारत नाही, आणि त्याची प्रतिमा समोर उभी असताना आरसा ओलांडू शकत नाही. राजाला आपल्या प्रतिमेच्या शेजारीही जाता येत नाही. उरले हत्ती आणि वजीर. म्हणजे राजाचा प्रश्न सोडला, तर नक्कल मोडायची ताकद फक्त हत्ती आणि वजीर या दोघांत आहे, आणि तीही उभ्या ओळीतच.

(अ) चे सुंदर उदाहरण पेत्रोव्ह बचावात दिसते. रशियन खेळाडू अलेक्सांदर पेत्रोव्हच्या नावाने ओळखली जाणारी ही सुरुवात आजही खेळली जाते. नक्कल करत राहिल्यास काय होते ते पाहा.

१. प्यादे ई४, प्यादे ई५.
२. घोडा एफ३, घोडा एफ६.
३. घोडा ई५ वरचे प्यादे मारतो, घोडा ई४ वरचे प्यादे मारतो.
४. वजीर ई२, वजीर ई७.
५. वजीर ई४ वरचा घोडा मारतो, वजीर ई५ वरचा घोडा मारतो.
६. वजीर ई५ वरचा वजीर मारतो आणि शह.

पाचव्या खेळीपर्यंत हिशेब अगदी बरोबर चालला आहे: दोघांनी एकेक प्यादे आणि एकेक घोडा मारला आहे. सहाव्या खेळीला पांढरा वजीर ई ओळीत समोर उभ्या असलेल्या आपल्याच प्रतिमेला मारतो. काळ्याने नक्कल करायची तर वजिराने वजीर मारायचा, पण त्याचा वजीर पटाबाहेर गेला आहे. म्हणूनच जाणकार काळा तिसऱ्या खेळीलाच नक्कल थांबवतो: आधी डी६ वर प्यादे आणून पांढऱ्या घोड्याला हाकलतो आणि मगच ई४ वरचे प्यादे घेतो.

कसलेले खेळाडूही सुरुवातीला बरीच नक्कल करतात. ‘चार घोड्यांच्या’ सुरुवातीत दोघांचे घोडे, उंट, किल्लेकोट आणि मग डी३–डी६ असे सहा खेळ्यांपर्यंत सगळे आरशातल्यासारखे चालते. सातव्या खेळीला पांढरा उंट जी५ वर नेऊन घोड्यावर दाब आणतो, आणि इथे काळा सहसा नक्कल सोडून सी३ वरचा घोडा मारतो. नक्कल त्यांच्यासाठी सोयीची वाट असते. पुढचे पाऊल कुठे टाकायचे हे ते प्रत्येक वेळी नव्याने ठरवतात.

५. जिथे नक्कल जिंकते

मग सममितीचा युक्तिवाद टाकून द्यायचा का? अजिबात नाही. दोन खेळ पाहा.

उदाहरण १: दोन ढीग. प्रत्येकी ५ खड्यांचे दोन ढीग आहेत. खेळाडूने आपल्या पाळीला कोणत्याही एका ढिगातून हवे तेवढे (किमान एक) खडे उचलायचे. शेवटचा खडा उचलणारा जिंकतो. इथे दुसऱ्या खेळाडूने फक्त नक्कल करायची. पहिल्याने डावीकडून ३ उचलले, तर याने उजवीकडून ३. दुसऱ्याच्या प्रत्येक खेळीनंतर दोन्ही ढीग समान राहतात. पहिल्याला खेळी मिळाली, तर दुसऱ्यालाही मिळतेच. खडे संपत जातात, म्हणून खेळ कधीतरी थांबतो, आणि खेळी नसलेला खेळाडू पहिलाच असतो.

उदाहरण २: गोल टेबलावर नाणी. दोघे आळीपाळीने गोल टेबलावर एकसारखी नाणी ठेवतात. नाणी एकमेकांवर येऊ नयेत. ज्याला जागा उरणार नाही तो हरला. पहिल्या खेळाडूने पहिले नाणे बरोबर मध्यावर ठेवायचे आणि नंतर प्रतिस्पर्ध्याच्या नाण्याच्या नेमके समोर, मध्याच्या पलीकडे तितक्याच अंतरावर, आपले नाणे ठेवत जायचे. ती जागा मोकळी असणारच का? अडचण एकच होऊ शकते: प्रतिस्पर्ध्याचे नाणे मध्याच्या इतके जवळ असेल की त्याची प्रतिमा त्याच्याशीच आदळेल. पण तसे व्हायला त्या नाण्याचा मध्यबिंदू टेबलाच्या मध्यापासून एका त्रिज्येपेक्षा कमी अंतरावर हवा, आणि तिथे तर आधीच नाणे आहे. मध्यावरचे पहिले नाणे नेमके हेच काम करते: कोणालाही आपल्याच प्रतिमेला धडकू देत नाही.

आता या दोन खेळांची बुद्धिबळाशी तुलना करा. ढिगांच्या खेळात डाव्या ढिगातली खेळी उजव्या ढिगाला स्पर्शही करत नाही. नाण्यांच्या खेळात दोन अर्धे मध्याशीच भिडू शकतात, आणि तो मध्य आपण बंद करून टाकला. बुद्धिबळात दोन अर्धे एकमेकांवर चालून जाण्यासाठीच असतात. शिवाय नक्कल करणारा नेहमी एक खेळी मागे असतो. ढिगांच्या खेळात मागे असणे चालते, कारण प्रतिस्पर्धी मधल्या काळात आपले काहीच बिघडवू शकत नाही. बुद्धिबळात त्या एका खेळीत शह बसतो.

जपानी ‘गो’ खेळात नक्कल करून खेळण्याला ‘माने-गो’ असे नावच आहे. १९२९ मध्ये तरुण गो सेइगेनने किताणी मिनोरूविरुद्ध पहिला खडा पटाच्या मध्यबिंदूवर ठेवला आणि नंतर बराच वेळ अर्ध्या फेरीच्या सममितीने नक्कल केली. कल्पना नाण्यांच्या खेळासारखीच होती. पण गोमध्ये मध्याभोवतीचे खडे एकमेकांना वेढतात, मध्यावरचा खडा स्वतःच लढाईत सापडू शकतो, आणि म्हणून नक्कल कायमची तगत नाही.

तेव्हा सममितीचा युक्तिवाद वापरताना तीन प्रश्न विचारा:

१. प्रतिमेची खेळी प्रत्येक वेळी नियमात बसते का?
२. प्रतिस्पर्ध्याची खेळी स्वतःच्या प्रतिमेत अडथळा आणू शकते का?
३. प्रतिमेची खेळी करायच्या आधीच खेळ संपू शकतो का?

ढीग आणि नाणी तिन्ही प्रश्नांत उत्तीर्ण होतात. बुद्धिबळ तिन्हींत नापास होते.

६. दोन पट असतील तर?

बुद्धिबळात नक्कल जिंकत नाही याचे कारण दोन अर्धे एकमेकांना भिडतात. मग ते वेगळेच करून टाकले तर?

समजा तुम्हाला दोन ग्रँडमास्टरांशी एकाच वेळी, दोन वेगळ्या पटांवर खेळायचे आहे. एका पटावर तुम्ही काळे, दुसऱ्यावर पांढरे. पहिल्या ग्रँडमास्टरने जी खेळी केली ती तुम्ही दुसऱ्या पटावर करा. दुसऱ्याने जे उत्तर दिले ते पहिल्या पटावर नेऊन करा. खरे तर ते दोघे एकमेकांशीच खेळत आहेत आणि तुम्ही फक्त निरोप पोहोचवता आहात. एकाविरुद्ध हरलात तर दुसऱ्याविरुद्ध जिंकाल. नाहीतर दोन्ही डाव बरोबरीत सुटतील. दोन डावांत मिळून तुमचा एक गुण पक्का, बुद्धिबळाचा गंध नसला तरी. इथे प्रतिमेची खेळी नेहमी नियमात बसते, कारण दोन्ही पटांवर एकच डाव चालू आहे.

ब्रिटिश जादूगार डेरेन ब्राउन याने दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात नऊ कसलेल्या बुद्धिबळपटूंशी एकाच वेळी खेळताना हीच युक्ती वापरली. आठ जणांच्या चार जोड्या लावून त्याने त्यांच्या खेळ्या एकमेकांकडे पोहोचवल्या. स्वतःच्या बुद्धीने तो फक्त नवव्याशी खेळला.

ही गंमत अभियांत्रिकीच्या दृष्टीने गंभीर आहे. करोल बागेतल्या गल्ल्यांत रात्री गाड्या दाटीने उभ्या असतात आणि त्यांच्या चाव्या वर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर खुंटीला लटकत असतात. बटण न दाबता उघडणाऱ्या गाडीत गाडी चावीला बिनतारी लहरींवर एक प्रश्न पाठवते आणि चावी गुप्त किल्लीने त्याचे उत्तर काढून परत पाठवते. हे उत्तर बनावट तयार करणे जवळजवळ अशक्य असते. पण चोराला ते तयार करायचेच नसते. एक जण गाडीपाशी आणि दुसरा जिन्यापाशी यंत्र घेऊन उभा राहतो. गाडीचा प्रश्न चावीपर्यंत आणि चावीचे उत्तर गाडीपर्यंत पोहोचवले की दार उघडते. गाडी आणि चावी म्हणजे दोन ग्रँडमास्टर. चोर मधला निरोप्या. सांकेतिक लिपी कितीही भक्कम असली तरी इथे ती मोडावीच लागत नाही. इव्हो डेसमेड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्येच ओळख पटवण्याच्या पद्धतींवर असा हल्ला होऊ शकतो हे दाखवले होते.

उपाय काय? नक्कल करणारा नेहमी मागे असतो, हीच गोष्ट पुन्हा कामाला येते. निरोप पोहोचवायला वेळ लागतो. स्टेफान ब्रँड्स आणि डेव्हिड चाउम यांनी १९९३ मध्ये अशी पद्धत मांडली की प्रश्न विचारणाऱ्याने उत्तराबरोबर उत्तर यायला लागलेला वेळही मोजायचा. लहरी एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातात. चावी २ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४ मीटर, म्हणजे सुमारे १३ नॅनोसेकंद. चावी ५० मीटरवर असेल तर १०० मीटर, म्हणजे सुमारे ३३३ नॅनोसेकंद. चोर कितीही हुशार असला तरी प्रकाशाच्या वेगापुढे जाऊ शकत नाही. चावीला विचार करायला लागणारा वेळ अचूक माहीत असेल, तर उरलेला वेळ अंतर सांगून टाकतो.

७. सारांश

• खेळाची स्थिती म्हणजे मांडणी आणि पाळी. मांडणी सममित असली तरी स्थिती सममित असेलच असे नाही.
• नक्कल करणारा एक खेळी मागे असतो. दोन भाग एकमेकांना स्पर्श करत नसतील तर हे मागे असणे निरुपद्रवी ठरते; करत असतील तर घातक.
• बुद्धिबळात नक्कल तीन कारणांनी अडते: राजाची सुरक्षितता, आपल्याच प्रतिमेला मारणे, आणि उभ्या ओळीत वाट अडणे. शेवटची दोन फक्त हत्ती आणि वजीर घडवू शकतात.
• ‘सममितीने’ हा शब्द सिद्धतेचा शेवट नाही. त्यानंतर वरचे तीन प्रश्न तपासावे लागतात.

त्या मुलाच्या वहीत काय लिहायचे, हे मी पुढच्या तासाला सगळ्या वर्गासमोर सांगितले: जुनी सिद्धता खोडू नका. तिच्या दुसऱ्या वाक्याखाली आणि शेवटून दुसऱ्या वाक्याखाली रेघ मारा आणि समासात चार खेळ्यांचा डाव लिहा. चुकलेली सिद्धता नेमकी कुठे चुकली हे कळले, तर ती वहीत राहिलेली बरी. आणि पुढच्या वेळी मी फळ्यावर काही लिहिले, तर ते वहीत जाण्याआधी निदान एकदा पटावर मांडून पाहा.

८. स्वतः करून पाहा

१. डाव असा चालला: प्यादे डी४, डी५, वजीर डी३, डी६, वजीर एच३, एच६. पांढऱ्याची चौथी खेळी शोधा. नक्कल वरीलपैकी कोणत्या कारणाने अडली?

२. ७, ७ आणि ४ खड्यांचे तीन ढीग आहेत. पहिल्या खेळाडूने पहिली खेळी कोणती करावी, म्हणजे पुढे नुसती नक्कल पुरेल?

३. रिकाम्या ८×८ पटावर दोघे आळीपाळीने दोन शेजारची घरे झाकणारी सोंगटी ठेवतात. जागा न मिळणारा हरतो. दुसऱ्या खेळाडूने मध्याभोवती अर्ध्या फेरीची नक्कल केली तर तो जिंकतो, हे सिद्ध करा. त्याऐवजी त्याने आरशाची नक्कल केली तर पहिला खेळाडू ती कशी मोडेल?

४. विभाग ४ मधील कारण (आ) चे उदाहरण पटावर रचा: दोन्ही बाजूंचे हत्ती मोकळ्या ई ओळीत समोरासमोर ठेवा (ई१ आणि ई८), आणि पांढऱ्याची अशी खेळी शोधा की काळ्या हत्तीची नक्कलेची वाट अडेल.

५. चावीला उत्तर काढायला लागणाऱ्या वेळात १० नॅनोसेकंदांची अनिश्चितता आहे. अंतर मोजण्यात जास्तीत जास्त किती मीटरची चूक होईल? (जाण्या-येण्याचे अंतर दुप्पट असते, हे विसरू नका.)